खिट्टी नसलेली हरळी

दामूअण्णा बोरस्त्यांनी त्या सकाळी आपल्या विहीणबाईंना पाणीसुद्धा विचारलं नाही. शर्मिला दाभाडे गाडीतून उतरली तेव्हा ते द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसच्या ओट्यावर उभे होते आणि त्यांच्यामागे करंजखोऱ्यातले सात-आठ द्राक्षबागायतदार. चार वर्षांपूर्वी शर्मिलाच्या मुलीच्या लग्नात याच माणसाने तिला आग्रह करकरून जिलेबी वाढली होती. आज ते नुसतं म्हणाले, “चला मॅडम, बाग दाखवतो,” आणि उत्तराची वाट न बघता चालू लागले.

छाटणी नुकतीच झाली होती. वेली उघड्याबोडक्या, डोळे फुगायला लागलेले. खाली जमिनीवर गाजरगवत, माठ, घोळ, सगळं तणनाशकाने जळून तांबूस पडलं होतं. त्या जळक्या पसाऱ्यात हरळी तेवढी हिरवीगार होती. वेलींच्या बुडख्यांना वेढून, ठिबकच्या नळ्यांवरून चढून ती एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेली होती.

“तीनदा मारलं औषध,” अण्णा म्हणाले. “अंघोळ करून बसल्यासारखी बसू राहिली ती. आणि ही एकट्या माझ्या बागेत नाही. ह्या सगळ्यांकडे आहे.”

शर्मिला घाबरली नाही. तिला राग आला होता तो अण्णांच्या बोलण्याचा. ह्या हरळीचं उत्तर तिने स्वतःच, हरळी तयार करतानाच, तयार करून ठेवलं होतं. गाडीच्या डिकीत त्याचे दोन कॅन होते.

ही हरळी तिची होती, तिने घडवलेली आणि तिच्या घरच्या कंपनीने विकलेली. साध्या तणनाशकाचं काम असं चालतं: झाडाला जगायला जी प्रथिनं लागतात, त्यांतले काही घटक ते स्वतःच्या पेशीत तयार करतं, आणि तो कारखाना चालवणारं एक विकर असतं. तणनाशक त्या विकराला जाऊन चिकटतं, कारखाना बंद पडतो, झाड उपाशी मरतं. पण मातीतल्या काही जिवाणूंमध्ये ह्याच विकराचा असा एक भाऊबंद असतो की तणनाशकाला त्याच्यावर पकडच घेता येत नाही. शर्मिलाने त्या जिवाणूचं जनुक हरळीत बसवलं. मग मैदानावर खुशाल ड्रोनने औषध फवारा. बाकीचं सगळं तण मरेल आणि हिरवळ गालिच्यासारखी एकसारखी उरेल. निंदणीला माणसं नकोत की खुरपी नकोत. गोल्फची मैदानं, क्रिकेटची मैदानं, बंगल्यांची अंगणं, सगळ्यांना तेच हवं होतं.

पण हरळी म्हणजे काय चीज आहे हे शर्मिलाला माहीत होतं. तिच्या काडीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. बोटभर तुकडा पडला तरी पुरतो. अशा गवताला औषध पचायला लागलं आणि ते शेतात शिरलं, तर ते थोपवायचं कसं? म्हणून तिने त्यात आणखी एक गोष्ट घातली. एक दुसरं, सौम्य तणनाशक आहे. ते साध्या गवतांना सहज पचतं, कारण ते फोडून टाकणारी यंत्रणा त्यांच्यात जन्मजात असते. शर्मिलाने आपल्या हरळीतली ती यंत्रणा बंद पाडली. म्हणजे हे दुसरं औषध मारलं की बाजूची रानातली हरळी शाबूत राहणार आणि कंपनीची तेवढी वाळणार. प्रयोगशाळेत ह्याचं लांबलचक नाव होतं. शर्मिला गावातल्या सभांमध्ये त्याला ‘खिट्टी’ म्हणायची. दार कितीही मोठं असलं तरी आतून खिट्टी आहे, असं ती सांगायची, आणि ते लोकांना पटायचं.

करंजखोऱ्याच्या धरणाकाठी ह्याच हरळीची मैदानं असलेलं गोल्फ रिसॉर्ट आलं, तेव्हाही तिने ते सांगितलं होतं. रिसॉर्टमध्ये रोज ढिगाने गवत कापलं जायचं. तिची मुलगी केतकी तोवर बोरस्त्यांची सून झाली होती आणि घरच्या निर्यातीचं काम बघत होती. हे कापलेलं गवत वेलींच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाकलं तर उन्हाळ्यात पाणी वाचेल, हे तिच्या डोक्यात आलं. तिने आईला फोन केला. आईने सांगितलं, निर्धास्त टाका. एखादी काडी रुजली तरी खिट्टी आहे. अण्णांनी गावातल्या इतरांनाही सांगितलं. दोन उन्हाळे ट्रॉल्या भरभरून ते गवत बागांमध्ये पडलं.

शर्मिलाने कॅनमधलं औषध पाण्यात मिसळलं, पंप स्वतःच्या खांद्याला अडकवला आणि सगळ्यांसमोर एक पूर्ण ओळ फवारली. कोणी मदतीला पुढे झालं नाही. फवारून झाल्यावर ती म्हणाली, “पंधरवड्यात ही ओळ वाळलेली दिसेल. मग सगळीकडे मारू.”

“बघू,” अण्णा म्हणाले.

केतकी पॅकहाऊसच्या दारात उभी होती. तिने आईला हात केला, पण ती खाली उतरली नाही.

पंधरवड्याने केतकीचा फोन आला. तिने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. ओळ तशीच हिरवी आहे, एक पात पिवळी नाही, एवढं सांगितलं. शर्मिलाने पाण्याच्या क्षाराबद्दल विचारलं, नंतर पाऊस पडला का ते विचारलं. केतकी सगळ्याला नाही म्हणाली आणि शेवटी म्हणाली, “आई, सगळे माझ्याकडे बघतात. गवत मी आणलं ह्या घरात.”

दुसऱ्या दिवशी शर्मिलाने बागेतली हरळी पुण्याच्या प्रयोगशाळेत मागवून घेतली. जनुक जिथे बसवलं जातं, ती जागा प्रत्येक रोपात वेगळी असते; त्यावरून रोपाचं कूळ बोटाच्या ठशासारखं ओळखता येतं. तिने तपासणी स्वतः केली, सहायकाला हात लावू दिला नाही. खिट्टीचा भाग कुठेच नव्हता. तिला वाटलं, तो काळाच्या ओघात गळाला असेल. वनस्पतीत असे बदल होतात. पण मग तिने कूळ पाहिलं आणि खुर्चीत बसली. ही हरळी तिने बाजारात पाठवायला मंजूर केलेल्या कुळातली नव्हतीच. हे सात नंबरचं रोप होतं. पहिल्या प्रयत्नातलं, खिट्टी बसवण्याच्या आधीचं. खिट्टीवालं कूळ तयार झाल्यावर तिने ती आधीची सगळी रोपं जाळून टाकायला सांगितलं होतं.

जाळण्याचं काम कंपनीच्या रोपवाटिकेकडे होतं, आणि रोपवाटिका अविनाश बघायचा. अविनाश तिचा नवरा. संशोधन तिचं, धंदा त्याचा, अशी त्यांची वाटणी सुरुवातीपासूनची.

रविवार होता. अविनाश बंगल्याच्या हिरवळीवर खुर्ची टाकून चहा घेत बसला होता. ही हिरवळही कंपनीचीच. शर्मिला रोज सकाळी तिच्यावर अनवाणी चालायची. आदल्या दिवशी तिने तिथलीही एक काडी प्रयोगशाळेत नेऊन तपासली होती; तीही सात नंबरच निघाली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, सात नंबर बाजारात कसं गेलं.

अविनाशने कप खाली ठेवला. त्याने नाकारलं नाही, हे तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं.

“डिसेंबरच्या थंडीत तुझं खिट्टीवालं गवत पिवळं पडायचं,” तो म्हणाला. “पहिल्याच गिऱ्हाइकाने नमुना बघून नकार दिला. सात नंबर बारा महिने हिरवं राहत होतं.”

“मी जाळायला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस.”

“मला विचारायचं होतंस.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

तो हे अगदी साध्या आवाजात बोलला. तिला करंजखोऱ्याची सभा आठवली. ती माईकसमोर उभी राहून खिट्टीचं सांगत होती आणि हा पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता. तिने त्याला ते बोलून दाखवलं.

“लोकांना ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं,” अविनाश म्हणाला. “माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.”

मग त्याने मुद्द्याचं बोलायला सुरुवात केली, जणू आतापर्यंतचं नुसतं प्रास्ताविक होतं. बागायतदार तक्रार करणार, चौकशी लागणार, हे उघड होतं. त्यावर त्याचं म्हणणं असं की शर्मिलाने चौकशीत सांगावं, खिट्टी होती, पण निसर्गतः गळाली. जनुकांत बदल होतात, कोणाच्या हातात नसतं. शास्त्रज्ञ म्हणून ती हे म्हणाली की प्रश्न मिटला. कंपनी वाचेल, तिचं नाव वाचेल, केतकीचा सासरी मान राहील; गवत निसर्गाने बिघडवलं, केतकीच्या आईने नाही. नाहीतर, तो म्हणाला, प्रत्येक मंजुरीवर सही शर्मिलाची होती, त्याची नव्हती.

तिच्या ध्यानात आलं की तो तिच्याकडे पुन्हा तेच मागतो आहे. पहिल्यांदा त्याने तिचा शब्द तिला न कळू देता वापरला, आता तिच्याकडून मागून घेतो आहे. ती आत गेली, कपड्यांची बॅग भरली आणि बाहेर पडली. अविनाश हिरवळीवरून उठला नाही. तो बहुधा असं धरून चालला होता की ती परत येईल. आजवर भांडून गेली तेव्हा आलीच होती.

ती तडक करंजखोऱ्याला गेली. अण्णांनी बागायतदारांना पॅकहाऊसमध्ये बोलावलं. रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांमध्ये उभी राहून शर्मिलाने जे होतं ते सांगितलं. खिट्टी गळाली नाही. ती कधी नव्हतीच. हे गवत जाळायचं होतं ते विकलं गेलं, आणि विकणारा तिचा नवरा.

कोणीतरी मागून क्रेट लाथेने उडवला. संपत निमसे नावाचा बागायतदार पुढे आला आणि तिच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाला की नवरा-बायको एका ताटात जेवता आणि आम्हाला सांगता की माहीत नव्हतं. संपतची दोन एकरांची नवी लावण हरळीने गिळली होती.

अण्णांनी हाताने त्याला मागे सारलं. “आता औषध कोणतं, ते सांगा,” ते म्हणाले.

औषध नव्हतं. फक्त गवतावर चालणारी काही जालीम औषधं होती, पण ती वरची पात जाळायची आणि जमिनीखालच्या काड्या जिवंत राहायच्या. परत परत मारली तर त्यांचा अंश द्राक्षात उतरायचा. परदेशी बंदरावर तपासणीत कंटेनर नापास होऊन परत आला तर अख्ख्या खोऱ्याचं नाव खराब होणार होतं. उरला एकच उपाय. जिथे हरळी दाट आहे तिथली बाग काढायची, हातभर खोल खणून काड्या वेचायच्या आणि रानावर प्लॅस्टिक अंथरून दोन उन्हाळे तापू द्यायचं. आतल्या उष्णतेने उरलेली पेरं शिजतात.

“बाग काढायची,” अण्णा म्हणाले.

“हो.”

त्यांनी क्रेटवर हात ठेवला. मग म्हणाले, “सुनेच्या आईचा शब्द म्हणून मी दारोदार सांगत फिरलो, टाका गवत. तुम्ही पुण्याला जाल. ही माणसं उद्या माझ्या दारात उभी राहतील.”

केतकी तिला गाडीपर्यंत सोडायला आली. नवऱ्याच्या, हर्षलच्या, नजरेसमोरून चालताना तिची मान ताठ होती. गाडीपाशी आल्यावर तिने विचारलं, “इतक्या वर्षांत तू एकदाही तपासलं नाहीस? अंगणातलं गवत होतं आपल्या.”

“घरचं होतं म्हणून नाही तपासलं,” शर्मिला म्हणाली.

“मीही तेच केलं.” केतकीने गाडीचं दार उघडून धरलं. “तू खरं सांगितलंस ते चांगलं केलंस. पण आता इथे येऊ नकोस. मला इथेच राहायचंय.”

चौकशी पुढच्या उन्हाळ्यात झाली. शर्मिलाने रिसॉर्टची, बागांची आणि स्वतःच्या अंगणातली हरळी समितीसमोर ठेवली. तिन्ही सात नंबरची निघाली. अविनाशने साक्षीत सांगितलं की रोपं कोणती पाठवायची हे शास्त्रज्ञ ठरवत, आपण फक्त पाठवत असू. हे सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण त्याचा आवाजही चढला नाही. हिरवळीवर तो जे बोलला त्याला साक्षीदार नव्हता. समितीने दोघांना दोषी धरलं. गवतावर बंदी आली, कंपनी बंद झाली, रिसॉर्टची मैदानं यंत्रांनी उकरली गेली. शर्मिलाला ह्यापुढे कुठल्याही पिकावर जनुकीय संशोधन करता येणार नव्हतं. एका वाहिनीने तिला ‘हरळीची आई’ असं नाव दिलं आणि ते चिकटलं. भाजी घेतानासुद्धा लोक निरखून बघायचे.

ती पुण्याला परतली नाही. करंजखोऱ्याच्या तालुक्याच्या गावी एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासची जागा तिने भाड्याने घेतली, एक जुनं तपासणी-यंत्र आणून बसवलं आणि दारावर पाटी लावली की हरळी फुकट तपासून मिळेल. साधी हरळी आणि सात नंबर डोळ्यांना सारखीच दिसतात. तपासल्याशिवाय बाग काढायची की नाही हे ठरवता येत नव्हतं. म्हणून लोक यायचे. जुडी टेबलावर टाकायचे, बाहेर उभे राहायचे, उत्तर ऐकून निघून जायचे. एकजण उत्तर ऐकून तिच्या पायरीवर थुंकला. दुसऱ्या दिवशी तोच दुसऱ्या प्लॉटमधली हरळी घेऊन आला. ती दोन्ही वेळा सारखंच बोलली.

अण्णा मात्र कधी आले नाहीत. गडी यायचा, बोरस्त्यांची हरळी ठेवायचा. त्यांचे तीन प्लॉट काढावे लागले. ते रान प्लॅस्टिकखाली तापत असल्याचं शर्मिलाला रस्त्यावरून जाताना दिसायचं. उन्हात ते तळ्यासारखं चमकायचं. केतकी महिन्यातून एकदा फोन करायची. तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची. अविनाशच्या वकिलाचा घटस्फोटासाठी फोन आला, तेव्हा शर्मिला हो म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

दुसरा उन्हाळा संपत आला होता. एक दिवस सकाळी अण्णा स्वतः दारात उभे राहिले. ते थकलेले दिसत होते, आणि पायांतले बूट चिखलाने भरलेले होते. त्यांनी हातातली जुडी टेबलावर ठेवली.

“ही कुठली?” शर्मिलाने विचारलं.

“कालव्याच्या शेवटच्या दारापाशी सापडली. तिथून खाली मका, ऊस, सगळं दुसऱ्या तालुक्याचं रान आहे. त्यांना अजून काही माहीत नाही.” ते थांबले. “तुमचीच आहे का ते बघा.”

करंजखोऱ्यापासून ती जागा कितीतरी लांब होती. गवत तिथपर्यंत ट्रॉलीने गेलं नव्हतं, कोणी टाकलं नव्हतं. कुठल्यातरी पावसात काठावरच्या काड्या सुटल्या असतील आणि पाण्याबरोबर वाहत गेल्या असतील. शर्मिलाने पात सोलून घेतली आणि यंत्राकडे गेली. तिने चहाचं विचारलं, तर अण्णा नको म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. काम व्हायला दुपार झाली. ते हलले नाहीत.

ती बाहेर आली. सांगण्याआधी तिला एकदा वाटलं, ही साधीच आहे म्हणावं. हा माणूस घरी जाईल, आजचा दिवस तरी झोपेल. हे मनात आलं याची तिला स्वतःचीच किळस आली.

“आमचीच आहे,” ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. त्यांना ते माहीत असावं. खात्री तेवढी करून घ्यायची होती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

“तिथली माणसं मला ओळखत नाहीत,” ते म्हणाले. “मी सांगून ऐकायची नाहीत. तुम्हाला ओळखतात. टीव्हीवर बघितलंय. शिव्या देतील, पण बाहेर येतील.”

“चला,” शर्मिला म्हणाली.

रस्त्याच्या कडेला पिकअप उभी होती. चालकाच्या जागेवर केतकी होती. तिचे हात स्टिअरिंगवर होते आणि ती समोर बघत होती. शर्मिला पुढच्या दाराकडे वळली, तेव्हा अण्णांनी ते स्वतःसाठी उघडलं.

“मागे बसा मॅडम,” ते म्हणाले.

शर्मिलाने चाकावर पाय देऊन मागच्या फळीवरून आत टांग टाकली. कुदळी, पहारी आणि प्लॅस्टिकची गुंडाळी ह्यांच्यामध्ये बसायला हातभर जागा होती. तिथे ती बसली आणि कडेची सळई तिने घट्ट धरली. केतकीने आरशातून एकदा मागे बघितलं आणि गाडी कालव्याच्या रस्त्याला लावली.